निसर्ग वादळानंतर साडेपाच वर्षं: पोफळी परत धरायला लागल्या, घर अजून जागेवर आलेलं नाही. तुम्ही कसं सावरलंत?

वाडीकर_श्रीवर्धन

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज लिहितोच. गेल्या आठवड्यात आमच्या नव्या लागवडीतल्या चार पोफळींना, म्हणजे सुपारीच्या झाडांना, पहिली पोय (फुलोरा) आली. आईला सांगायला धावत घरात गेलो तर ती म्हणाली, "धाकट्याला फोन कर." आणि माझा हात फोनकडे गेलाच नाही. त्यावरून हा धागा.

थोडं मागचं सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग आलं तेव्हा आमची ४२ गुंठ्यांची वाडी, त्यात साडेनऊशे पोफळी, ८५ माड, मधे जायफळ, केळी, मिरीचे वेल. सकाळपासून वारा एका बाजूने होता, दुपारी उलटा फिरला, आणि सकाळी जी झाडं वाकून टिकली होती ती त्या उलट्या वाऱ्यात मोडली. संध्याकाळी बाहेर आलो तर विहिरीपर्यंत जायला वाट नव्हती. पोफळी उरल्या ११०, माड १९. आईने जुनं लुगडं फाडून उरलेल्या प्रत्येक झाडाला एकेक चिंधी बांधली, का तर पंचनाम्याला येणाऱ्या माणसाला मोजताना उभी आणि आडवी झाडं लगेच वेगळी कळावीत. त्या चिंध्या बाबांनी शेवटपर्यंत सोडू दिल्या नाहीत. बाबा २०२२ मध्ये गेले.

वाडीचं वर्षाचं खर्च जाऊन दोन-सव्वादोन लाख यायचं. शिवाय मी आणि धाकट्या भावाने मिळून घराला लागून दोन खोल्या काढल्या होत्या पर्यटकांसाठी, त्यावर ४ लाखाचं कर्ज. लॉकडाऊनमुळे मार्चपासून खोल्या रिकाम्याच होत्या, त्यात जूनला पत्रे गेले. मदत आधी हेक्टरी ५० हजाराने जाहीर झाली, मग आरडाओरड झाल्यावर झाडामागे पोफळीला ५० आणि माडाला २५० रुपये. आमच्या घरी सगळं मिळून साठ हजारांच्या आतच आले. पोफळ लावल्यापासून हातात काही यायला सहा-सात वर्षं. आता करा हिशोब.

धाकटा २०२१ च्या दिवाळीनंतर पनवेलकडे गेला, गोदामात कामाला लागला. त्याची बायको मुलांना घेऊन माहेरी राहिली कारण तिकडे शाळा जवळ. ताई ठाण्याला. मी राहिलो. कर्जाचे हप्ते मी फेडले (तीन लाख ऐंशी हजार, व्याज धरून जास्तच), रोपं मी लावली, दोन उन्हाळे हाताने पाणी घातलं. आता एक गिऱ्हाईक आलंय जागेला. धाकटा म्हणतो विकू, तीन वाटण्या करू, मोकळे होऊ. ताई म्हणते तुम्ही दोघं ठरवा. सातबाऱ्यावर तिघांची आणि आईची नावं आहेत.

माझा प्रश्न सरळ आहे. ह्या साडेपाच वर्षांचा हिशोब भावाभावात कसा करायचा? झाडं परत येतायत. माझी वर्षं कोणाच्या खात्यात लिहायची? ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी काय केलं ते वाचायचंय. फक्त वादळच असं नाही, पूर असला तरी चालेल.

केतकीचं_बन

वाचतेय. लुगड्याच्या चिंध्यांशी थांबले थोडा वेळ. काकूंना नमस्कार सांगा.

दापोलीकर७२

वाडीकर, आमचं केळशीजवळ. आमची कलमं आंब्याची, ती काही उन्मळली, काही नुसती पिळवटली. घराची कौलं उडाली, आढं शाबूत राहिलं एवढंच नशीब. वीज आमच्या वाडीत महिन्याच्यावर नव्हती, मोबाईलचा टॉवर आडवा, त्यामुळे मुंबईतल्या भावाला आम्ही जिवंत आहोत हे चौथ्या दिवशी कळलं. तो पास काढून निघाला, गावात आला तर चौदा दिवस शाळेत ठेवला त्याला. कोरोना आणि वादळ एकदम, हे ज्यांनी काढलं त्यांनाच माहीत. शाळेचे पण अर्धे पत्रे उडालेले. आम्ही लांबून डबा ठेवायचो आणि तो तिथून ओरडून सांगायचा वासे कसे बदलायचे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, कारण आमच्याकडे उलटं झालं. मुंबईच्या भावाने पैसे घातले, मी अंग घातलं. आता तो म्हणतो पैसे माझे, मी म्हणतो घाम माझा. दोघंही खरं बोलतोय. गणपतीत तो येतो, आरतीला शेजारी उभे राहतो, पण जेवताना बोलणं नाही.

अभिजीत_पुणे

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. विका. किनाऱ्यालगतच्या जागेला आज भाव आहे, उद्या पुन्हा वादळ आलं तर? २०२० ला निसर्ग, २०२१ च्या मे मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून वर गुजरातला गेलं, त्याच वर्षी जुलैत महाड-चिपळूणला पूर. अरबी समुद्र तापतोय, वादळं वाढतायत हे शास्त्रज्ञ सांगतायत. पुढची सात वर्षं परत त्याच जुगारात घालायची? पैसे तिघांत वाटा, तुमच्या हप्त्यांचे पैसे आधी वजा करा, विषय संपला.

हर्णैची_पोर

अभिजीत, जुगार म्हणू नका हो. जुगारात माणूस आपणहून बसतो. आमची होडी तौक्तेत फुटली, बाबा तिला "आमची मोठी मुलगी" म्हणायचे. होडी विकता येते, फुटली तर लाकूड विकता येतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कुठे जाणार होते?

अभिजीत_पुणे

शब्द मागे घेतो ताई. पण मुद्दा तोच आहे, धोका एका माणसाने किती वर्षं उचलायचा.

बागायत_मित्र

मूळ प्रश्नाला नंतर येतो. आधी वाडीकर, पोय आली त्याबद्दल मनापासून अभिनंदन, पाचव्या वर्षी पोय म्हणजे तुम्ही पाण्याची हयगय केली नाहीत. २०२१ च्या पावसात लावल्यात ना?

दोन गोष्टी बघा. वादळात माडांची सावली गेली, त्यामुळे नवीन पोफळीच्या खोडावर दक्षिण-पश्चिमेकडून ऊन लागून खोड भाजतं, तिथे नंतर चीर पडते आणि चार वर्षांनी झाड त्याच जागी मोडतं. त्या बाजूला केळी दाट ठेवा. दुसरं, आडवी पडलेली माडाची खोडं वाडीत कुजत राहिली असतील तर गेंडा भुंगा त्यातच वाढतो आणि नवीन माडाचा कोंब पोखरतो. निसर्गनंतर दोन-तीन वर्षांनी कितीतरी वाड्यांत हे झालं, लोकांना वाटायचं रोपं वाईट मिळाली. खोडं उचलायला पैसेच नव्हते कोणाकडे.

श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आहेच, तिथून रोठा जातीचीच रोपं घ्या, लांबून आलेली नकोत.

वाडीकर_श्रीवर्धन

@बागायत_मित्र, हो २०२१ जुलै. २०२० ला रोपं लावणार कुठे, जमीनच दिसत नव्हती. कटरवाल्याला झाडामागे पैसे, वर उचलायला माणूस वेगळा. सात महिने लागले वाडी मोकळी व्हायला. भुंग्याने माझे ११ नवीन माड खाल्ले, तुम्ही सांगताय ते आता कळतंय. केळी लावल्यात पण विरळ आहेत, ह्या पावसात वाढवतो.

गोठोस_निवृत्त

मी महसूल खात्यात होतो, रायगडात नाही, पण पंचनामे आयुष्यभर केले. मदत कमी का वाटते ते सांगतो. मदत नुकसान भरून द्यायला नसतेच, ती पुन्हा उभं राहायला हातभार म्हणून असते. आधीचा निकष बागायतीला हेक्टरी १८ हजाराचा, २ हेक्टरची मर्यादा. निसर्गच्या वेळी राज्याने तो ५० हजारावर नेला, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख केले. पण ४२ गुंठ्यांना हेक्टरी ५० हजार म्हणजे २१ हजार. वाडीकरांची झाडं साडेनऊशे. झाडामागे जेमतेम बावीस रुपये पडतात. भाताचं पीक गेलं तर एक हंगाम जातो, पोफळ गेली तर सात हंगाम जातात, आणि निकषात ती सात वर्षं कुठे लिहायला रकानाच नाही. पंचनामा करताना मला हे कळायचं आणि मी तोच फॉर्म भरायचो.

आता वाटपाचं. एक, आईंचं आणि ताईंचं नाव आहे तर त्यांना धरूनच बोला. मुलीचा हिस्सा मुलाइतकाच, ११ ऑगस्ट २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तर शंकाच नाही. दोन, सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप होतं, कोर्टात जायची गरज नाही. तीन, धाकट्याला त्याचा हिस्सा विकायचा असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो आधी घेण्याचा हक्क बाकीच्या वारसांचा, शेतजमिनीलाही ते लागू आहे. चार, राबल्याबद्दल जास्त हिस्सा मिळत नाही, हे कडू आहे पण खरं. मात्र ज्याने सुधारणा केली तो तुकडा शक्यतो त्याच्याच वाटणीला यावा अशी पद्धत आहे, आणि सामायिक कर्ज एकट्याने फेडलं असेल तर तो पैसा बाकीच्यांकडून मागता येतो. पावत्या आहेत ना?

वाडीकर_श्रीवर्धन

पावत्या सगळ्या आहेत काका. बाबांची सवय, लोखंडी पेटीत.

मीरा_आता_नाशिक

मी कधी लिहीत नाही इथे, आज लिहिते. मी त्या वर्षी दहावीत होते, आमचा भूगोलाचा पेपर रद्द झाला तीच बॅच. जूनमध्ये वादळ, घराचं अर्धं छप्पर नाही, नेटवर्क नाही, आणि अकरावी ऑनलाइन सुरू होणार. मामा नाशिकहून गाडी घेऊन आले आणि मला घेऊन गेले. "दोन महिन्यांसाठी" म्हणाले होते. मी अजून नाशिकलाच आहे, आता नोकरी करते.

मामींनी काही कमी केलं नाही. पण दुसऱ्याच्या घरात माणूस पाणी पिताना सुद्धा ग्लास किती भरावा ह्याचा विचार करतो. बाबा तीन-चार महिन्यांनी यायचे, एसटीने, गोणीत नारळ. वादळानंतर आमच्याकडे नारळ नव्हतेच, ते शेजारच्या गावातून विकत घेऊन आणायचे आणि सांगायचे आपल्या वाडीतले आहेत. मला दुसऱ्या वर्षी कळलं, कारण आमच्या बाणवली जातीचा नारळ मला हातात घेतल्यावर कळतो. मी बोलले नाही. अजून बोललेले नाही.

माझा भाऊ लहान होता म्हणून घरीच राहिला. तो आणि बाबा आज एका भाषेत बोलतात, मी गेले की दोघं जरा सावरून बसतात. वाडीकर काका, तुमच्या धाकट्या भावाची मुलं आजोळी आहेत म्हणालात. ती किती वर्षांची आहेत? त्यांना वाडीतलं काय आठवतं ते एकदा विचारा. हिशोबात ते पण येतं.

केतकीचं_बन

मीरा, बाबांना सांग गं. खरंच सांग.

समुद्रपक्षी

दहावीचा भूगोल रद्द झाला तेव्हा माझ्या मुलीने पेढे मागितले होते :) मीरा, तू छान लिहितेस, लिहीत जा.

ठाण्याची_नणंद

मी वाडीकरांची ताई नव्हे, पण कुणाची तरी ताई आहे. सगळे म्हणतायत ताईंना धरून बोला, मी त्या ताईच्या जागेवरून सांगते. "तुम्ही दोघं ठरवा" ह्या वाक्यात काय असतं माहितीये? मला वाटण्या नकोत असं नसतं. मागितलं तर माहेर तुटेल ही भीती असते. आमच्याकडे २०२१ च्या पुरानंतर (चिपळूण) भावाने संमतीपत्रावर सह्या घ्यायला माणूस पाठवला, स्वतः आला नाही. मदतीचे पैसे त्याच्या खात्यात यावेत म्हणून सह्या हव्या होत्या. मी दिली. पैसे गेल्याचं दुःख नाही, तो आला नाही ह्याचं आहे. दोन मजली घराच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी, आईची शिवणाची मशीन चिखलात, ती मी पुसत बसले होते आठ दिवस, आणि सहीला माणूस पाठवला.

वाडीकर, सातबाऱ्याच्या आधी ताईंकडे जा. कागद न घेता जा.

दापोलीकर७२

+१. आमच्याकडे पण बहिणीला कोणी विचारलंच नाही, हे तुम्ही लिहिल्यावर आत्ता लक्षात आलं.

मानसी_ह्यूस्टन

इथे दुसऱ्या टोकावरून लिहिते. ऑगस्ट २०१७, हार्वे. वादळ किनाऱ्याला २५ तारखेला रॉकपोर्टजवळ लागलं, आमच्यापासून कितीतरी लांब, आणि आम्हाला वाटलं सुटलो. मग ते टेक्ससवर बसूनच राहिलं, चार-पाच दिवस पाऊस. नेदरलँड नावाच्या गावी साठ इंचाच्या वर पडला. पश्चिम ह्यूस्टनमध्ये आमच्याकडे अॅडिक्स आणि बार्कर अशी दोन मोठी धरणं आहेत, ती भरली, मागे पाणी चढलं आणि पुढे सोडलंही. आमच्या घरात पावसाने नाही, त्या पाण्याने कंबरभर भरलं आणि नऊ दिवस राहिलं.

घराचा विमा होता, पण त्यात पूर धरत नाहीत. पुराचा विमा वेगळा, सरकारी योजनेतला, आणि आमचा भाग नकाशावर पूररेषेत नव्हता म्हणून घर घेताना एजंटने सांगितलं, गरज नाही. नवरा वर्क व्हिसावर, त्यामुळे सरकारी रोख मदतीला आम्ही पात्रच नाही. शेवटी अर्ज केला तो माझ्या दीड वर्षाच्या लेकीच्या नावाने, ती इथे जन्मली म्हणून नागरिक. अर्जावर "अर्जदार" म्हणून तिचं नाव बघून मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

दोन वर्षं घराचा हप्ता आणि अपार्टमेंटचं भाडं एकदम भरलं. सासरे सोलापूरला आजारी होते, त्यांना पाठवायचे पैसे बंद झाले, आणि का बंद झाले हे नवऱ्याने घरी सांगितलंच नाही, "अमेरिकेत घर बुडालं" हे सांगायची त्याला लाज वाटली. दिरांना वाटलं आम्ही बदललो. तो गैरसमज मिटायला सासरे जावे लागले.

वाडीकर, माझं एकच सांगणं. तुमच्या धाकट्या भावाला तुम्ही किती हप्ते भरले हे आकड्यात माहीत आहे का? आणि त्याने पनवेलला पहिली दोन वर्षं कशी काढली हे तुम्हाला माहीत आहे का? आमच्याकडे दोन्ही बाजूंना काहीच माहीत नव्हतं.

अभिजीत_पुणे

मानसी, पूररेषेच्या बाहेर असूनही? मग विमा घ्यायचा कोणी? आपल्याकडे पोफळीला असं काही आहे का?

बागायत_मित्र

माडाला आहे, नारळ विकास बोर्डाची योजना. हप्ता झाडामागे काही रुपये आणि त्यातलाही शेतकऱ्याने फक्त चौथा हिस्सा भरायचा. निदान पाच निरोगी झाडं हवीत. १६ वर्षांवरच्या माडाला भरपाई २०२० च्या सुमारास १,७५० रुपये होती. २०२० ला आमच्या पट्ट्यात कोणी घेतलेली मला आठवत नाही. मी स्वतः ह्या क्षेत्रात असून माझ्या वडिलांच्या माडांना घेतली नव्हती.

वहिनी_म्हसळा

मी सोन्याबद्दल लिहू का? कोणीच लिहिलं नाही म्हणून. वादळानंतर घर उभं राहतं ते बायकांच्या सोन्यावर. जुलै २०२० मध्ये पत्रे दुप्पट भावाने मिळत होते, ताडपत्री तर मिळतच नव्हती. माझ्या पाटल्या आणि सासूबाईंची बोरमाळ गहाण गेली, मंगळसूत्र तेवढं राहिलं. दर वर्षी व्याज भरून नूतनीकरण. तिसऱ्या वर्षी व्याज भरायला जमलं नाही तर लिलावाची नोटीस आली, मराठीत छापलेली आणि नाव हाताने लिहिलेलं, माझं नाव चुकीचं लिहिलेलं. सासूबाई म्हणाल्या, "बोरमाळ जाऊ दे, पाटल्या सोडव, त्या तुझ्या आईच्या आहेत." बोरमाळ गेली. आज सोन्याचा भाव बघते तेव्हा पोटात कालवतं.

पुरुष भाऊ-भाऊ हिशोब करतात त्यात हे कधी येत नाही. वाडीकर भाऊ, तुमच्या घरातलं कोणाचं काय गेलं ते आधी तुमच्या बायकोला विचारा. आणि धाकट्या जावेचं काय गेलं ते पण.

वाडीकर_श्रीवर्धन

वहिनी, आज दुपारी विचारलं. बायकोचा चपलाहार २०२१ मध्येच गेलाय. मला वाटत होतं रोपांचे पैसे सोसायटीकडून आले. आणि धाकट्या वहिनीच्या बांगड्या बाबांच्या दवाखान्याला गेल्या, दोघींनी आपसात ठरवलं होतं आम्हा भावांना सांगायचं नाही. माझी बायको आणि ती दर रविवारी फोनवर बोलतात हेही आजच कळलं. मला इथे पुढे काय लिहावं सुचत नाहीये.

गोठोस_निवृत्त

लिहू नका आज. उद्या लिहा.

समुद्रपक्षी

धागा थोडा वेगळीकडे नेते. पडलेल्या पोफळींचं पुढे काय केलं सगळ्यांनी? आमच्या दिवेआगरच्या आतेभावाने खोडं उभी चिरून रिपा काढल्या आणि त्याच रिपांवर नवीन गोठ्याचं छप्पर घातलं. घरावर सुद्धा त्याच. म्हणतो, उभी होती तेव्हा पोसलं, आडवी झाली तेव्हा झाकलं.

दापोलीकर७२

आमच्याकडे मांडवाला वापरल्या. बाकी सगळ्या चुलीत. सिलेंडर येत नव्हता तेव्हा त्यावरच शिजलं. ओली पोफळ पेटत नाही, डोळे जातात धुराने.

हर्णैची_पोर

होडीची फळी एक ठेवलीये घरात. बाबा त्यावर बसून जाळं विणतात.

किरण_म

वाडीकर, आमच्या घरी काय केलं ते सांगतो, चालतंय का बघा. चुलत्यांच्यात हाच वाद होता, काका राबले, बाबा ठाण्याला. एका आत्याने मध्ये बसून वही केली. त्यात तीन पानं. पहिल्या पानावर पैसे, कोणी किती घातले, पावतीसकट. दुसऱ्या पानावर दिवस, काकांचे किती दिवस वाडीत गेले, आणि त्याला गावातला मजुरीचा रोज लावला, पण निम्मा, कारण राहतं घर आणि वाडीतलं खाणं त्यांनी वापरलं. तिसऱ्या पानावर जे पैशात येत नाही ते, नुसतं लिहून ठेवायचं, आकडा टाकायचा नाही. कोणाचं सोनं, कोणाची शाळा, आजीला कोणी सांभाळलं. पहिली दोन पानं वजा-बेरीज केली. तिसरं पान सगळ्यांनी मोठ्याने वाचलं. वाचताना बाबा उठून बाहेर गेले, पण परत आले.

निम्मा रोज म्हणजे काकांना कमीच झालं, ते स्वतः म्हणाले चालेल. भांडण अजिबात झालं नाही असं नाही. पण वाडी विकली नाही. बाबांच्या वाटणीचं उत्पन्न पाच वर्षं काकांनी घ्यायचं असं ठरलं.

ठाण्याची_नणंद

तिसऱ्या पानाची कल्पना आत्याचीच असणार.

किरण_म

हो. आत्या शिवण शिकवायची, तिच्याकडे मापाच्या वह्या असायच्या, तसलीच वही.

अभिजीत_पुणे

मी सुरुवातीला विका म्हणालो होतो. अजूनही धोक्याबद्दल तेच मत आहे, जी काही वाडी राहील त्यातलं उत्पन्न एकट्या पोफळीवर ठेवू नका, मिरी, जायफळ, खोल्या, काहीतरी जोडा. पण विकायच्या आधी ती वही करा. माझ्या आजोळी ती झाली नाही. आजोळ विकलं २००९ मध्ये, फयान वादळ येऊन गेल्यावर, घाईत. मामा-मामा आजही एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला जात नाहीत.

बागायत_मित्र

जायफळ लावताना कलमंच घ्या, बियांपासूनच्या रोपात नर निघाला की सहा-सात वर्षांनी कळतं.

मीरा_आता_नाशिक

आज बाबांना फोन केला. नारळांबद्दल बोलले. ते आधी गप्प झाले, मग म्हणाले, "तुला कधी कळलं?" मी म्हणाले दुसऱ्या वर्षी. मग म्हणाले, "मग खाल्लेस का?" मी म्हणाले सगळे खाल्ले. एवढंच झालं बोलणं, मग आईने फोन घेतला. होळीला जाणार आहे.

केतकीचं_बन

♥

वाडीकर_श्रीवर्धन

चार दिवसांनी लिहितोय. सगळ्यांची उत्तरं आईला वाचून दाखवली, ती ओटीवर बसून ऐकत होती, मधे मधे "हो" म्हणत होती.

ठाण्याला गेलो. कागद नेले नाहीत, शहाळी नेली, उरलेल्या १९ माडांतली. ताई आधी चहा-पोहे करत राहिली, बसेचना. मग म्हणाली तिला जमिनीचा तुकडा नको, पण परसातल्या विहिरीकडची एक खोली हवी, जिथे ती न विचारता येऊन राहील. साडेपाच वर्षांत ती तीनदा आली आणि तिन्ही वेळा पाहुणीसारखी पिशवी दारात ठेवून बसली, हे मला दिसलंच नव्हतं.

तिथून पनवेलला. धाकट्याच्या खोलीवर मी पहिल्यांदा गेलो. दहा बाय दहा, तिघं मिळून राहतात, तो रात्रपाळीला. मानसीताईंनी विचारलं होतं म्हणून विचारलं, पहिली दोन वर्षं कशी काढलीस. तो सांगत बसला, दोन तास. मी हप्त्यांचा आकडा सांगितला तर त्याला वाटत होतं बाबांच्या ठेवीतून गेले. वाडी विकायची का हा विषय आम्ही काढलाच नाही, तो अजून तसाच आहे, त्याला पैशाची गरज आहे आणि ती खरी आहे, मुलांच्या फिया आहेत. गिऱ्हाइकाला मी पावसाळ्यापर्यंत थांबायला सांगितलंय, थांबेल की नाही माहीत नाही.

मुलांना विचारलं, मीरा. मोठीला सगळं आठवतं. धाकटा तेव्हा तीन वर्षांचा, त्याला फक्त आजीने झाडाला लाल फडकी बांधली होती तेवढं आठवतं. तो म्हणाला, "तो सण कुठला होता?"

येत्या रविवारी सगळे इकडे येतायत, दोन्ही जावा पण. वही आणलीये, शंभर पानी, किरण म्हणाले तशी. पहिल्या पानावर पावत्या मी लिहून काढल्यात. तिसरं पान आई लिहायला सांगत्येय, मी लिहितोय. पहिलं नाव तिने स्वतःचं नाही, बाबांचं सांगितलं.

गोठोस_निवृत्त

रविवारी काही ठरलं तर कागदावर आणताना सांगा. कलम ८५ चा अर्ज मी बघून देईन, पैसे-बिसे नकोत.

वहिनी_म्हसळा

जावांना पहिल्या पंगतीला बसवा, वाढायला तुम्ही भाऊ उभे राहा.

वाडीकर_श्रीवर्धन

वहिनी, धाकट्याला सांगितलंय. तो म्हणाला, भात मी वाढीन, आमटी तू.

बागायत_मित्र

केळीचे मुनवे (लावायचे कोंब) लागणार असतील तर रविवारी सकाळी घेऊन येतो, माझ्याकडे चाळीसेक आहेत. म्हसळ्यावरूनच जातो मी.